रात्रवर्गाचे मास्तर



आम्ही युनियनची माणसे. पगार, बोनस, पाळी हे आमचे विषय. आज आम्ही संगीतावर बोलणार याचे आपल्याला नवल वाटले असेल. पण आम्ही रात्रशाळेत शिकलो, आणि आज रात्रवर्गाच्याच एका मास्तरांविषयी बोलणार आहोत.

हे मास्तर म्हणजे इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट. त्यांचे पणजोबा रीगाहून लंडनला आले. वडील ऑर्गन वाजवीत, पियानो शिकवीत. १८७४ साली जन्मलेल्या गुस्तावला पियानोवादक व्हायचे होते. उजव्या हाताच्या नसांनी दगा दिला. मग त्यांनी ट्रॉम्बोन हे फुंकवाद्य धरले आणि वाद्यवृंदात बसून पोट भरले. पुढे महायुद्धात जर्मन वळणाचे नाव अडचणीचे झाले. १९१८ साली त्यांनी त्यातले 'फॉन' गाळले.

१९०५ पासून १९३४ साली मृत्यू येईपर्यंत ते लंडनच्या सेंट पॉल मुलींच्या शाळेत शिकवीत होते. शिवाय १९०७ ते १९२४ मॉर्ली कॉलेजात. हे कॉलेज कामकरी स्त्रीपुरुषांसाठी निघालेले. १९११ साली पर्सेलचे 'फेअरी क्वीन' तिथे झाले, तेव्हा गायकवादकांच्या प्रती विद्यार्थ्यांनीच हाताने उतरवल्या.

ऋग्वेदाची सूक्ते स्वतः भाषांतरित करता यावीत म्हणून होल्स्ट संस्कृत शिकले. आपल्या वटपौर्णिमेच्या सावित्रीवर त्यांनी छोटी संगीतिका रचली. १९१६ साली ती लंडनमध्ये झाली.

'प्लॅनेट्स' ही त्यांची गाजलेली रचना. शिकवण्यातून उरलेल्या वेळात ती झाली. हात दुखे तेव्हा सहशिक्षिका लिहून घेत. १९१८ साली ती प्रथम वाजली, तेव्हा रंगमंचाआडून त्यांच्या विद्यार्थिनी गायल्या. बाहेर फरशी पुसणाऱ्या बायका 'ज्युपिटर' ऐकताच ब्रश टाकून नाचू लागल्या, असे त्यांच्या कन्येने लिहिले आहे.

त्या बायकांना कोणी विचारले नव्हते, तुम्हांला गाणे परवडते का म्हणून.

आम्ही मात्र एकदा तेच विचारले. आमच्या कामगारवर्गात पेटी आणावी, असे एका तरुण कामगाराने सुचवले. आधी भाकरी, मग गाणे, असे म्हणून आम्ही त्याला गप्प केले. तो पुन्हा वर्गाला आला नाही.

आता वर्गात पेटी आली आहे. शिकवणारा मास्तर तेवढा हवा. आपल्यापैकी कोणी संध्याकाळचा एक तास देईल का? एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.