रसपरित्याग आणि रक्तदाब
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर थोर विद्वानांची प्रवचने झाली. मी एक सामान्य वैद्यकीय व्यावसायिक. विश्वस्तांच्या आज्ञेवरून उच्च रक्तदाबाविषयी चार शब्द बोलण्यास उभा आहे.

दवाखान्यात मला वारंवार विचारले जाते, "डॉक्टर, आम्ही शुद्ध शाकाहारी, मद्याला स्पर्श नाही, रात्रिभोजनाचा त्याग, मग आम्हाला ब्लडप्रेशर कसे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीत दडलेले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. भगिनींसाठी सोपा हिशेब सांगतो. चार प्रौढांच्या घरात एक किलोची मिठाची पिशवी किमान पन्नास दिवस पुरली पाहिजे. आपल्या घरी किती दिवस पुरते, हे एकदा तारीख घालून पाहावे. शिवाय या हिशेबात पापड, फरसाण, शेव, खाकरा, चटण्या आलेल्याच नाहीत. पापडात मिठाच्या जोडीला पापडखार असतो, त्यातही सोडियमच. सैंधव उपवासाला चालत असेल, पण रक्तदाबाच्या दृष्टीने तेही मीठच होय. लोणच्याला तर आपल्या शास्त्रकारांनी अभक्ष्यात गणले आहे; तरीही ते आपल्या ताटात कसे टिकून आहे, याचे उत्तर मी देऊ शकत नाही!

अष्टमी-चतुर्दशीला आपण हिरवी भाजी वर्ज्य करतो. त्या दिवशी ताटात तिची जागा कोण घेते? बहुधा पापड आणि शेवेची भाजी. भाजी-फळांतून मिळणारे पोटॅशियम रक्तदाब उतरविण्यास साहाय्य करते. तिथीला ते घटते आणि सोडियम मात्र वाढते. तिथी अवश्य पाळावी. परंतु मुगाचे वरण, भाकरी, आमचूर, जिरे, मिरी यांवरही ती उत्तम पाळता येते.

बाह्य तपांत रसपरित्याग सांगितला आहे. दूध, दही, तूप, तेल, साखर यांच्या पंक्तीत मीठही रस म्हणून मोजले आहे. आपल्यातील कित्येक श्राविका ठराविक वारी अळणी जेवतात. प्रभावी औषधे नव्हती त्या काळी, १९४० च्या दशकात, अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. वॉल्टर केम्पनर यांनी गंभीर रक्तदाबाच्या रुग्णांना भात, फळे व साखर यांवर ठेवले. तो जवळजवळ पूर्ण अळणी आहार होता. अनेकांचा रक्तदाब उतरला; मात्र असा आहार फार काळ सोसणे कठीण. पुढे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'डॅश' अभ्यासात मीठ न घटविताही भाज्या, फळे, कमी स्निग्धांशाचे दूध-दही वाढविल्याने रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा आकडा सरासरी ११ अंकांनी उतरला. २००१ च्या पुढील अभ्यासात मीठही कमी केल्यावर लाभ आणखी वाढला. म्हणून एक दिवस अळणी आणि सहा दिवस फरसाण असे न करता सातही दिवस निम्मे मीठ, हे तप मी अधिक उपयुक्त मानतो. दोन-तीन आठवड्यांत जिभेला सवय होते.

आता मन घट्ट करून एक गोष्ट सांगतो. माझे वडील व्रतस्थ श्रावक होते. भक्तामर स्तोत्र मुखोद्गत. एका दशलक्षण पर्वात त्यांनी उपवास धरले आणि गोळी घेतल्याने व्रतभंग होईल म्हणून ती थांबविली. घरात डॉक्टर मुलगा असूनही मला सांगितले नाही. मीही विचारले नाही. सहाव्या दिवशी पहाटे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पुढील चार वर्षे ते अंथरुणावर होते. ऐकू सर्व येई, परंतु स्तोत्राचा एक शब्दही ओठांवर येत नसे. त्या सहा दिवसांत त्यांना काहीही त्रास जाणवला नव्हता. रक्तदाब बहुधा दुखत नाही, हीच त्याची क्रूरता.

म्हणून माझी कळकळीची विनंती अशी की, पर्वाच्या किमान पंधरा दिवस आधी आपापल्या डॉक्टरांना भेटावे व कोणते व्रत करणार, पाणी घेणार की निर्जल राहणार, हे स्पष्ट सांगावे. काही गोळ्या एकाएकी थांबविल्यास दाब पूर्वीपेक्षाही उसळतो. उलट, लघवी वाढविणारी गोळी निर्जल उपवासात घेतल्यास अशक्तपणा व चक्कर येऊ शकते. रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी वा सकाळी घेता येईल का, हेही विचारावे. बहुतेकदा मार्ग निघतो. एकासन करणाऱ्यांना दिवसातून एकदाच घ्यावयाच्या गोळ्या सोयीच्या पडतात. बाजारातील कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

वजन आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे आपण जाणताच. चालण्याविषयी एवढेच म्हणेन की, मुनिमहाराजांचा पदविहार पाहून हात जोडणारे आपण मंदिरापर्यंतचे अर्धा किलोमीटरही स्कूटरवरून जातो. रोज अर्धा तास जलद चालावे.

सभागृहाबाहेर संस्थेने तपासणीची व्यवस्था केली आहे. चहा घेतला असेल तर अर्धा तास थांबावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे मौन बसावे, मगच हात पुढे करावा. आकडा १४०/९० किंवा त्याहून अधिक आल्यास घाबरू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून डॉक्टरांकडे जावे. आणि ज्यांच्या घरी वडीलधारे उपवास करणारे आहेत, त्यांनी आज सायंकाळीच त्यांच्या गोळ्यांची डबी उघडून पाहावी.

जय जिनेंद्र.