शहराची स्थिती आणि खात्याचा हिशेब : स्वागताध्यक्षीय भाषण



शासकीय यंत्रणांच्या पर्यावरणविषयक अहवालांचा विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करण्यात येत आहे. अहवाल तयार करणारे, तो तपासणारे आणि त्याच्या आधारे सभागृहात वा न्यायालयात प्रश्न विचारणारे असे तिन्ही वर्ग एकत्र बसण्याचे प्रसंग विरळच, आणि म्हणूनच समितीला या उपस्थितीचे मोल विशेष वाटते.

पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा विकास तो शाश्वत विकास, ही व्याख्या १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने रूढ केली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर खटल्यात, तामिळनाडूतील चर्मोद्योगांच्या सांडपाण्याच्या निमित्ताने, सावधगिरीचे तत्त्व, म्हणजे पूर्ण शास्त्रीय खात्रीची वाट न पाहता गंभीर हानी रोखण्याचे बंधन, देशाच्या कायद्याचा भाग मानले. तत्त्व मान्य झाले, तरी एखादा विभाग ते पाळतो की नाही हे बाहेरच्या माणसाला कळायचे तर त्या विभागानेच नियमितपणे लिहून दिले पाहिजे, आणि नेमके येथे आपल्याकडचे काम अर्धे राहिले आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी मागील वर्षाचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. ही तरतूद मोलाची आहे, कारण तिच्यामुळे हवा, पाणी, ध्वनी, घनकचरा आणि वृक्ष यांची माहिती एका ठिकाणी येते. परंतु हा अहवाल मुख्यतः शहराचे वर्णन करतो, महापालिकेच्या स्वतःच्या वागण्याचा जाब देत नाही. ऑस्ट्रेलियाच्या १९९९ च्या पर्यावरण संरक्षण व जैवविविधता संवर्धन कायद्यातील कलम ५१६अ वेगळ्या बाजूने सुरुवात करते. तेथील केंद्रीय विभागांना आपल्या वार्षिक अहवालातच सांगावे लागते की, त्यांचे कामकाज शाश्वत विकासाच्या तत्त्वांशी कसे जुळले, त्या कामकाजाचा पर्यावरणावर काय परिणाम झाला, तो कमी करण्यासाठी कोणते उपाय योजले आणि त्या उपायांचा आढावा कोणत्या यंत्रणेने घेतला. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण, आणि समितीच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे.

हा फरक सांडपाण्याच्या एका तक्त्यात स्पष्ट दिसतो. मैलापाणी शुद्धीकरण केंद्राची क्षमता ‘एमएलडी’मध्ये, म्हणजे दररोज दशलक्ष लिटर या एककात, नोंदवली जाते, पण उभारलेली क्षमता हा एक आकडा, केंद्रापर्यंत प्रत्यक्ष पोहोचलेले पाणी हा दुसरा, आणि विहित मानकांनुसार शुद्ध होऊन बाहेर पडलेले पाणी हा तिसरा. पहिलाच आकडा छापला तर नाल्यातून थेट नदीला मिळणारे पाणी कागदावर उरतच नाही. ते दिसते जैविक प्राणवायू मागणीच्या, म्हणजे बीओडीच्या, चाचणीत. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतात हे मोजण्यासाठी नमुना तीन दिवस २७ अंश सेल्सिअसला ठेवतात, आणि नदीच्या एखाद्या पट्ट्यातील पाण्यात हे प्रमाण लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर आढळले, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ तो पट्टा प्रदूषित धरते. मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील अशा ३११ पट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रातील होते, आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. ज्या राज्याने शहरांवर वार्षिक अहवालाचे बंधन घातले, त्याच राज्याच्या नद्यांची ही अवस्था असावी, याचे दुःख येथे उघडपणे नोंदवणे समितीला आवश्यक वाटते.

वृक्षांची गोष्ट याहून निराळी नाही. रस्तारुंदीसाठी किती झाडे तोडली आणि बदल्यात किती लावली हे सांगितले जाते, पण तीन पावसाळ्यांनंतर त्यांतली किती जगली, हा रकाना बहुतेक वेळा आढळत नाही. शिवाय मोजणीची ठिकाणे किंवा पद्धत मध्येच बदलली आणि तसा उल्लेख केला नाही, तर सलग दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडूनही सुधारणा झाली की घसरण, हे ठरवता येत नाही.

तपासणीचा प्रश्न मात्र विभागावर सोडता येणार नाही. कॅनडात १९९५ पासून महालेखापरीक्षकांच्या कार्यालयात पर्यावरण व शाश्वत विकास आयुक्त हे पद असून, विभागांनी दिलेली आश्वासने आणि प्रत्यक्ष काम यांतील अंतर ते संसदेला कळवतात. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीही पर्यावरण लेखापरीक्षणाच्या प्रशिक्षणासाठी जयपूर येथे केंद्र उभारले आहे, तेव्हा कौशल्याची उणीव हे कारण पुढे करता येणार नाही.

जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम आणि नगरविकास या विभागांनी आपल्या वार्षिक अहवालात स्वतःचा वीजवापर, पाणीवापर, तोडलेली व जगलेली झाडे आणि मागील वर्षी दिलेल्या आश्वासनांची स्थिती एकाच ठरावीक नमुन्यात द्यावी, हा विषय पहिल्या सत्रासमोर ठेवण्यात येत असून, प्रतिनिधींनी आपापल्या कार्यालयातील अडचणींसह त्यावर मोकळेपणाने बोलावे आणि अध्यक्षमहोदयांनी परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, अशी स्वागत समितीची विनंती आहे.