लेक शिबिराला गेली, पण शिकली काय?

आज बचत, व्याज, बँकेचं कर्ज यातलं काही बोलणार नाही. आज कॉलेजबद्दल बोलू. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या लेकी, सुना आता बी.ए., बी.कॉम.ला आहेत, आणि घरी येऊन त्या सांगतात, "आई, शिबिराचेसुद्धा क्रेडिट असतात." हे क्रेडिट म्हणजे काय आणि त्यात आपला काय संबंध, ते आज पाहू.

एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, तुम्हाला माहीत आहे. गावात सात दिवस शाळेत मुक्काम करणारी, सकाळी झाडू मारणारी आणि संध्याकाळी पथनाट्य करणारी मुलं-मुली, ती हीच. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४० तास, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा ठोक हिशेब. इतकी वर्षं हे अभ्यासाच्या बाहेरचं, हौसेचं काम होतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर चित्र बदललं. आपल्या राज्यात २०२४-२५पासून गावाकडच्या साध्या संलग्न कॉलेजांतही नवी रचना आली. एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, नाट्य-संगीत ही सगळी पदवीच्या गुणांत आली. साधारणपणे एक क्रेडिट म्हणजे प्रात्यक्षिक कामाचे ३० तास. दोन क्रेडिट म्हणजे ६० तास. ते भरले नाहीत तर पदवी अडते.

आता मुद्दा येतो. तास भरले हे कळतं, पण मुलगी शिकली काय, हे कसं कळणार?

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींच्या तोंडी तुम्ही 'अध्ययन निष्पत्ती' हा शब्द ऐकला असेल. कॉलेजातही तोच विचार आला आहे. अमेरिकेतले विल्यम स्पेडी यांनी तो नीट मांडला. सांगायला सोपा आहे: शेवटी मुलीला काय करता आलं पाहिजे ते आधी ठरवा, मग त्याप्रमाणे शिकवा, आणि शेवटी तेच तपासा. आपण स्वयंपाकाला लागतो तेव्हा आधी किती माणसं जेवणार ते विचारतो, मग पीठ घेतो. तसंच.

आपल्या गटांना हे नवीन नाही. हिशेबनिसाचं प्रशिक्षण झालं की कागदावर लिहितात, 'तीस महिला उपस्थित.' पण महिन्याभराने गटाची वही उघडली की खरं कळतं. व्याज वेगळं मांडलंय का, हातातली रोकड वहीशी जुळते का? जुळली तर प्रशिक्षण झालं म्हणायचं. नाहीतर चहा-नाश्ता झाला.

शिबिरांचं बघा. जागृती करणे, जाणीव निर्माण करणे, संस्कार घडवणे, असे उद्देश अहवालात असतात. चांगले आहेत, पण जाणीव निर्माण झाली हे कशावरून ओळखायचं? त्याऐवजी असं लिहिलं तर: 'विद्यार्थिनी दहा घरांत जाऊन रोजच्या पाण्याचा हिशेब विचारेल, तो मांडेल आणि गावासमोर उभी राहून वाचून दाखवेल.' हे डोळ्यांना दिसतं. भीड चेपली का, हेही त्यातच कळतं.

एका गावातली गोष्ट सांगते. कॉलेजचं शिबिर आलं जानेवारीत. कार्यक्रमपत्रिकेत वनराई बंधारा होता. नाला दिवाळीनंतरच आटलेला. तरी मुलांनी कोरड्या नाल्यात पोती भरून रचली, फोटो निघाले, अक्षांश-रेखांशासकट, कारण हल्ली तसेच लागतात. गावातली एक मावशी काठावर उभी होती. तिने आयुष्यभर बांधबंदिस्तीच्या कामावर घाम गाळलाय. ती म्हणाली, "पोरांनो, पाणी गेल्यावर दार लावताय." कुणी ऐकलं नाही असं नाही, पण पत्रिकेत होतं, म्हणून केलं.

त्या शिबिराची निष्पत्ती आधी लिहिली असती तर? 'नाल्यावर बंधाऱ्याची जागा कुठे आणि का, हे मुलगी सांगू शकेल. किती पोती लागतील याचा अंदाज काढेल. पोती सांधा मोडून कशी रचायची ते करून दाखवेल. आणि महिन्याने येऊन पाणी किती साठलं ते मोजेल.' शेवटचं वाक्य लिहिताच लक्षात आलं असतं की हे काम पाऊस सरल्यावर, नाला अजून वाहता असतानाच करायचं. तारीख आपोआप बदलली असती. शिकवायलाही ती मावशीच बोलवावी लागली असती. माझ्या मते गावाच्या दृष्टीने या पद्धतीचा मोठा फायदा हाच आहे. गाव नुसतं फोटोच्या मागचं चित्र राहत नाही.

आता लेकींचा प्रश्न. सात दिवस मुक्कामी पाठवायला घरचे तयार होत नाहीत, हे आपण जाणतो. खेळाचा सराव, नाटकाची तालीम कॉलेज सुटल्यावर असते, आणि साडेपाचची एसटी चुकली की पुढची नाही. म्हणून गावाकडच्या मुली मागे राहतात. आधी हौस मागे राहायची, आता गुण मागे राहतील. स्पेडी यांच्या विचारात एक गोष्ट फार कामाची आहे: पोचायचं ठिकाण एकच ठेवा, पण वाट आणि वेळ सगळ्यांना सारखीच हवी असा हट्ट धरू नका. 'लोकांत जाऊन माहिती गोळा करणे आणि मांडणे' ही निष्पत्ती असेल, तर ती मुलगी आपल्याच गावात, आपल्याच गटाच्या मदतीने ती पुरी करू शकते. कुणाच्या घरी विधवा पेन्शनचे कागद अडलेत त्याची यादी केली, तरी ते काम झालं. एनएसएसच्या प्रमाणपत्राला तासांची आणि शिबिराची अट आहेच, ती सुटत नाही. पण क्रेडिटसाठी दुसरी वाट असू शकते का, हे कॉलेजात जाऊन विचारायला काय हरकत आहे? आणि शिबिराला पाठवायचंच असेल, तर मुलींच्या मुक्कामाला बाई शिक्षिका आहेत का, रात्री दिवा-पाण्याची सोय काय, हेही तिथेच विचारावं. माझं विचाराल तर, सोय धड असेल तर पाठवा. सात दिवसांत पोरगी जे पाहते ते घरी राहून दिसत नाही.

या पद्धतीची एक खोडही सांगते. निष्पत्तीच्या नावाखाली कोष्टकं भरण्याचा सोस लागतो. प्रत्येक कामासमोर १, २, ३ असे आकडे. १ म्हणजे थोडा संबंध, ३ म्हणजे दाट. शिक्षक बिचारे रात्र रात्र ते भरत बसतात आणि मुलीला कुणी विचारतच नाही. दहा-बारा निष्पत्ती लिहिल्या की एकही धड तपासली जात नाही. शिबिराला तीन पुरतात, चार खूप झाल्या. आणि एखादी पोरगी तिथे आयुष्यभराची मैत्रीण जोडून येते, ते कुठल्या रकान्यात लिहिणार? ते तसंच राहू द्यावं.

कॉलेजवाले शिबिरासाठी ग्रामपंचायतीत पत्र घेऊन येतात, तेव्हा जागा आणि जेवणाची चौकशी करून विषय संपतो. तिथे आपल्या गटाच्या दोघी जाऊन बसा. मुलं इथून काय शिकून जाणार ते विचारा. शेवटच्या दिवशी समारोपाला हार-नारळाच्या जोडीला पाच मिनिटं मागून घ्या: मुलांनी काय केलं, काय राहिलं, हे गावच्या बायका सांगतील. त्या गावातल्या मावशीसारखं माणूस आपल्याही गावात असतं. तिचं नाव आधीच सुचवून ठेवा, आणि तिची त्या दिवसाची मजुरी बुडणार असेल तर तेही बोलून घ्या.

ज्यांच्या लेकी यंदा पहिल्या वर्षाला आहेत त्यांनी प्रवेशाचा कागद आणि विषयांची यादी येत्या मासिक सभेला घेऊन या. आपण एकत्र बसून वाचू.