खंड पडलेल्या पत्राचा वाचक

एकाच व्यक्तीच्या बळावर चालणारे आणि म्हणूनच वेळेवर न निघणारे पत्र आपला वाचक कसा टिकवते, या प्रश्नाचा विचार मराठीत बहुधा वर्गणी, जाहिराती आणि छपाईखर्च यांच्या अंगाने होत आला आहे. प्रस्तुत व्याख्यानाची भूमिका अशी की, दोन अंकांमध्ये पडलेला खंड वाचक सहन करतो. तो खंड बुजवण्यासाठी काढलेला पोकळ अंक मात्र तो सहन करत नाही.

या भूमिकेचा सर्वांत भक्कम आधार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रांत सापडतो. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाले. त्याच वर्षी बाबासाहेब अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणासाठी लंडनला गेले आणि 1923 मध्ये पत्र बंद पडले. त्यानंतर ‘बहिष्कृत भारत’ निघाले ते 3 एप्रिल 1927 रोजी, म्हणजे अस्पृश्यांच्या पाण्याच्या हक्कासाठी झालेल्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी. मधल्या काळात वाचकांशी नाते जोडून ठेवणारे स्वतःचे पत्र नव्हते, तरीही नव्या पत्राला पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागली नाही. कारण ‘मूकनायका’ने मांडलेला अस्पृश्यतेचा प्रश्न सुटलेला नव्हता आणि महाडने तो अधिक तीव्र केला होता. पहिल्या पत्राच्या शिरोभागी तुकोबांचे वचन होते, दुसऱ्याच्या शिरोभागी ज्ञानेश्वरांचे. नाव बदलले, वचन बदलले, पण वाद जेथे थांबला होता तेथूनच पुढे सुरू झाला.

‘बहिष्कृत भारत’ पाक्षिक होते, परंतु पैशाच्या अडचणीमुळे त्याचे अंक नेहमी ठरल्या दिवशी निघू शकले नाहीत. अशा वेळी संपादकाने काय करावे, याचा वस्तुपाठ 3 फेब्रुवारी 1928 च्या अग्रलेखात मिळतो. पत्राचे ऋण हे लौकिक ऋण आहे की नाही, असा प्रश्न शीर्षकातच उभा करून बाबासाहेबांनी आपण मोबदला न घेता अंकाचे 24-24 रकाने एकट्याने लिहून काढत असल्याची वस्तुस्थिती वाचकांपुढे मांडली. त्यात दिलगिरीचा सूर नाही. हिशेब आहे, आणि तो हिशेब ज्याच्यापुढे मांडला जातो तो वाचक त्या क्षणापासून गिऱ्हाईक राहत नाही, जबाबदारीचा वाटेकरी होतो. शिवाय हा वाचक एकटा नव्हता. अक्षरओळख असलेल्या एकाने मोठ्याने वाचावे आणि भोवतालच्या मंडळींनी ऐकावे, अशी त्या काळची रीत असल्यामुळे एक प्रत अनेकांपर्यंत पोहोचत असे आणि पुढचा अंक येईपर्यंत तिच्यावरची चर्चा चालू राहू शके. 15 नोव्हेंबर 1929 नंतर हेही पत्र थांबले, आणि 24 नोव्हेंबर 1930 रोजी ‘जनता’ निघाले. पुन्हा वर्षभराचा खंड, पुन्हा तोच वाद.

येथे कायद्याचा थोडा विचार करावा लागतो. 1898 च्या भारतीय टपाल अधिनियमानुसार वृत्तपत्र म्हणून नोंदणी होऊन टपालाचा सवलतीचा दर मिळवायचा, तर दोन अंकांतील अंतर 31 दिवसांहून अधिक नसावे आणि वर्गणीदारांची खरी यादी असावी, अशी अट होती. एकतिसाव्या दिवशी वृत्तपत्र आणि बत्तिसाव्या दिवशी सामान्य छापील कागद, हे ऐकून सभागृहात हसू उमटणे स्वाभाविक आहे. परंतु एकट्या संपादकासाठी हा फरक प्रत्येक प्रतीच्या तिकिटाचा होता. 1867 च्या मुद्रणविषयक कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार, बारा महिन्यांहून अधिक काळ प्रकाशन थांबल्यास मूळ घोषणापत्रही, म्हणजे मुद्रक-प्रकाशकाने दंडाधिकाऱ्यापुढे केलेले निवेदन, रद्द होई. शासनाने अशा रीतीने तारखेला नियतकालिकाचे लक्षण ठरवले, आणि दुर्दैवाने संपादकांनीही ते लक्षण मनोमन स्वीकारले. महिना उलटू नये म्हणून जुने लेख फिरवायचे, सत्कारांची वृत्ते छापायची आणि अंक पुरा करायचा, ही सवय याच भीतीतून वाढली.

या मांडणीवर आक्षेप येणार की वाचक टिकला तो चळवळीच्या बळावर, संपादनाच्या नव्हे. आक्षेपात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’मागे 1874 मध्ये कोणतीही संघटना नव्हती, शाळेत शिकवणाऱ्या एका लेखकाने जवळजवळ एकट्याने 84 अंक लिहिले, आणि त्या अंकांचे एकत्रित ग्रंथ पुढील पिढ्यांनी वाचले. त्याचप्रमाणे 1950 आणि 1960 च्या दशकांत निघालेली ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ यांसारखी अनियतकालिके, म्हणजे निघण्याचा काळ न ठरवता काढलेली छोटी पत्रे, यांनाही मोठ्या चळवळीचा आधार नव्हता. अशा पत्रांतून लिहिणारे कवी अरुण कोलटकर यांच्या त्या काळातील कविता 1977 मध्ये संग्रहरूपाने आल्या, तेव्हा त्यांचा वाचक आधीच तयार होता.

म्हणून छोटी पत्रे चालवणाऱ्या सर्वांना विनंती एवढीच: अंकावर महिना छापू नका, क्रमांक छापा, पत्त्यांची यादी जपा, खंड का पडला ते दोन ओळींत सांगा, आणि सांगण्यासारखे काही नसेल तर अंक काढू नका.