निवडून आले, पण बसले कुठे?

श्रोतेहो, निवडणूक जिंकायची आणि खुर्चीवर मात्र बसायचे नाही, हे ऐकून आपल्याला चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे एका खुर्चीसाठी काय काय घडते ते मी सांगायला नको. आयर्लंडमधल्या प्रजासत्ताकवाद्यांचे मात्र अनेक दशके हेच धोरण होते. ब्रिटिश राजमुकुटाशी निष्ठेची शपथ घ्यायची नाही आणि फाळणीनंतरच्या कोणत्याही विधिमंडळात पाऊल ठेवायचे नाही, मग ते लंडनचे असो, बेलफास्टचे असो की खुद्द डब्लिनचे. मार्टिन मॅकगिनेस यांचा बंदुकीकडून राजकारणाकडे झालेला प्रवास समजून घ्यायचा, तर ते कोणत्या खुर्चीवर केव्हा बसले ते पाहावे, असे मला वाटते.

मॅकगिनेस यांचा जन्म 1950 सालचा, उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या बॉगसाइड या कॅथलिक वस्तीतला. अकराव्या वर्षीची निवड परीक्षा नापास, पंधराव्या वर्षी शाळा सुटली, मग खाटकाच्या दुकानात मदतनीस. 30 जानेवारी 1972 रोजी ब्रिटिश सैनिकांनी डेरीत मोर्चावर गोळ्या झाडून 13 जणांना ठार केले, तेव्हा हा 21 वर्षांचा तरुण आयआरएचा शहरातला दुसऱ्या क्रमांकाचा म्होरक्या होता. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना गुप्त वाटाघाटींसाठी लंडनला नेले. बोलणी फिसकटली. पुढच्या वर्षी स्फोटके आणि काडतुसे भरलेल्या मोटारीच्या प्रकरणात डब्लिनच्या न्यायालयाने त्यांना तुरुंगात धाडले. 1974 मध्ये आपण आयआरए सोडली, असे ते सांगत. इतिहासकारांनी त्यावर फारसा विश्वास ठेवलेला नाही. मीही ठेवत नाही.

1982 मध्ये ते बेलफास्टच्या विधानसभेवर निवडून आले, पण सभागृहात गेले नाहीत. 1986 मध्ये त्यांच्या शिन फेन पक्षाने डब्लिनच्या संसदेवरचा बहिष्कार उठवला. मॅकगिनेस त्या बाजूने बोलले. मात्र ब्रिटिशांविरुद्धचे युद्ध थांबणार नाही, हेही त्यांनी त्याच भाषणात बजावले. जुनी मंडळी तरीही बाहेर पडली. 1997 मध्ये ते ब्रिटिश संसदेवर निवडून गेले. ती खुर्ची मात्र त्यांनी अखेरपर्यंत रिकामीच ठेवली, कारण तिथे राणीची शपथ होती.

कुलूप उघडले ते 1998 च्या गुड फ्रायडे करारामुळे. बेलफास्टच्या नव्या विधानसभेत राणीची शपथ नव्हती. मंत्र्यांनी केवळ शांततेच्या, लोकशाही मार्गाने वागण्याचे वचन द्यायचे होते. 1999 च्या अखेरीस मॅकगिनेस शिक्षणमंत्री झाले. ज्या परीक्षेत ते नापास झाले होते, तीच बंद करण्याचा निर्णय त्यांनी जाहीर केला!

आयआरएने 2005 मध्ये शस्त्रे निकामी केली, 2007 च्या जानेवारीत शिन फेनने पोलिसांना मान्यता दिली आणि 8 मे रोजी मॅकगिनेस उपमुख्यमंत्री झाले. मुख्यमंत्री होते इयन पेस्ली, आयुष्यभर शिन फेनच्या नावाने बोटे मोडणारे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक. 'उप' शब्दावर जाऊ नका. दोन्ही पदांचे अधिकार सारखे, आणि एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचेही पद जाते. दोघे इतके हसतखेळत वागले की पत्रकारांना विनोद सुचू लागले.

2012 मध्ये त्यांनी राणी एलिझाबेथ यांच्याशी हस्तांदोलन केले. आपले अखेरचे व्हाइसरॉय माउंटबॅटन हे राणीचे नातलग, 1979 मध्ये आयआरएच्या बाँबने मारले गेले होते.

पण या प्रवासाचा हिशेब काहींच्या लेखी चुकता झालाच नाही. 2011 मध्ये मॅकगिनेस आयर्लंडच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते. अ‍ॅथलोन गावी एक माणूस वडिलांचा फोटो घेऊन समोर उभा राहिला. वडील आयरिश सैनिक, 1983 मध्ये आयआरएशी झालेल्या चकमकीत मारले गेलेले. मारेकऱ्यांची नावे सांगा, एवढीच त्याची मागणी. आपल्याला ठाऊक नाहीत, असे उत्तर मिळाले. ते त्याला पटले नाही. निवडणुकीत मॅकगिनेस तिसरे आले.

जानेवारी 2017 मध्ये, आजारी असताना, त्यांनी राजीनामा दिला आणि मुख्यमंत्री आर्लीन फॉस्टर यांचेही पद गेले. 21 मार्चला ते वारले. फॉस्टर यांच्या वडिलांवर आयआरएने गोळ्या झाडल्या होत्या. त्या स्वतः शाळेत असताना त्यांची बस बाँबने उडवण्यात आली होती. त्या डेरीतल्या अंत्यविधीला आल्या, तेव्हा चर्चमध्ये जमलेल्या कॅथलिक मंडळींनी टाळ्या वाजवल्या.