चवथीची माटवी



भाद्रपद जवळ आला की सिंधुदुर्गात आणि गोव्यात घराघरांतल्या माळ्यावरून एक लाकडी चौकट खाली उतरते. तिच्यावरची धूळ झटकायची, ओल्या फडक्यानं ती पुसून काढायची, एखादी पट्टी वाळवीनं खाल्ली असेल तर तिथं बांबूची नवी पट्टी बसवायची आणि गणपती जिथं बसणार त्या जागेच्या बरोबर वर ती वाशांना टांगायची. आमच्याकडे हिला माटवी म्हणतात, गोव्यात माटोळी, काही गावांत मंडपी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी या चौकटीला परड्यातली आणि रानातली फळं, पानं, फुलं, शेंगा, घोस बांधतात. दुसऱ्या दिवशी त्या हिरव्या छताखाली गणपती बसतो.

आपल्याकडे ऋतूप्रमाणे पानाफुलांचं काहीतरी गुंफायची रीत ठिकठिकाणी आहे. दसऱ्याला दारावर झेंडू, आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्यांचं तोरण लागतं. नवरात्रात घटावर रोज एक माळ चढते. गोव्यात 24 जूनला सांजांवच्या दिवशी ख्रिस्ती घरांतली मुलं पानाफुलांची, कधी फळंही ओवलेली कोपेलं डोक्यावर घालून विहिरींत उड्या मारतात. पण एवढी मोठी, एवढी नाना जिनसांची आणि इतक्या जणांचे हात लागणारी गुंफण माटवीसारखी दुसरी माझ्या पाहण्यात नाही.

गणपतीच्या पूजेत एकवीस पत्री सांगितल्या आहेत. दूर्वा, आघाडा, शमी, माका, बेल, डोरली, हादगा अशी ती यादी पूजेच्या पुस्तकात छापलेली असते. गुरुजी नाव उच्चारतात आणि आपण ते पान वाहतो. माटवीला मात्र अशी पोथी नाही. तिच्यावर काय बांधायचं हे कुठंही लिहिलेलं नाही. किनाऱ्यावरच्या गावात नारळ-सुपारी जास्त, घाटाच्या पायथ्याशी रानवेली जास्त. एका वाडीत जी शेंग हवीच, ती पलीकडच्या वाडीत कुणी बांधत नाही. ही यादी आहे ती माणसांच्या नजरेत आणि पायांत. कुठल्या पाणंदीत कांगलं आहे, कोणत्या गडग्यावर कवंडळ चढलंय, ओहोळाच्या कुठल्या वळणावर शेरवाड फुललंय, हे ज्याला ठाऊक त्याची माटवी भरते. म्हणून मला ती सजावटीपेक्षा फार मोठी गोष्ट वाटते. गावाला स्वतःभोवतीचं रान किती ओळखू येतं, याची ती दर वर्षाची परीक्षा आहे.

आता ती बांधतात कशी ते सांगते.

चौकट साधारण हात-दोन हात रुंद आणि त्याहून थोडी लांब, देव्हाऱ्याच्या जागेप्रमाणे. तिच्यात उभ्या-आडव्या पट्ट्या वीतभर अंतरावर ठोकलेल्या असतात. टांगण्याचे दोर चारही कोपऱ्यांना हवेत आणि ते मजबूत हवेत, कारण सामान बांधून झालं की माटवी चांगलीच जड होते. जुन्या घरांत वासे असतात. स्लॅबच्या घरात कडी आधीच बसवून घ्यावी लागते. आयत्या वेळी खिळ्यावर भागवू नये.

बांधायला सुतळी चालते, हल्ली नायलॉनही दिसतं. पण जुनी माणसं केवणीचा दोर वापरत. केवण म्हणजे मुरुडशेंगेचं झुडूप. बाळगुटीत उगाळतात ती पिळाची शेंग याचीच. पावसाळ्यात याची साल ओली असते आणि लांबच लांब सोलून निघते. त्या पट्ट्या पाण्यात भिजवून पिळल्या की चिवट दोर तयार होतो. त्याची गाठ सरकत नाही आणि तो सुकला की अधिकच आवळतो. नायलॉनच्या गुळगुळीत दोरीवर सुपारीचं शिपटं हळूहळू घसरतं, केवणीवर घसरत नाही. विसर्जनानंतर हा दोर मातीत कुजून जातो, हा त्याचा आणखी एक गुण.

पहिल्यांदा लागतात आंब्याचे टाळे. त्यांनी लाकूड सगळं झाकून टाकायचं. आंब्याचं पान जाड, चामड्यासारखं असतं. ते सुकलं तरी गळत नाही, कडा वळतात एवढंच. अकरा दिवसांच्या गणपतीला हाच माटवीचा खरा आधार.

मग जड सामान. असोला नारळ, सुपारीचं शिपटं, केळ्यांची फणी किंवा लहानसा घड. हे कोपऱ्यांजवळ, जिथं पट्ट्या एकमेकींना छेदतात आणि वरून दोर येतो तिथंच बांधायचं. मधल्या एकट्या पट्टीवर नारळ टांगला की ती पोटात वाकते. त्यानंतर परड्यातलं: तवसं, दोडकं, पडवळ, चिबूड, भोपळा, पपनस, ईडलिंबू, फागलं. भाद्रपदात कोकणातलं परडं कसं भरलेलं असतं ते या एका ओळीत कळतं. हे सगळं देवाला दाखवायचं असतं, आणि दाखवायला विकतचं आणण्यात काय मौज?

रानातलं सगळ्यात शेवटी. आमच्या घरात माटवी बांधायचा मान मोठ्या काकीचा होता. ती स्वतः वर चढत नसे, खाली पाटावर बसून सांगत असे. आम्ही मुलं उत्साहानं आधी पांढरंशुभ्र शेरवाड घेऊन पुढं जायचो, की तिचा आवाज यायचा, "शेरवाड शेवटाक बांधूचां." कारण साधं होतं. शेरवाडाचं जे पांढरं पान आपण पाहतो ते पान नव्हेच. फुलाच्या पाच निदलांपैकी एकच निदल वाढून पानाएवढं होतं, फुलपाखरांना लांबून दिसावं म्हणून. खरं फूल केशरी, इवलंसं, त्याच्या कुशीत असतं. ते पांढरं निदल नाजूक. हात लागला की डाग पडतो, दीड दिवसात ते मलूल होतं. म्हणून बाकीची धक्काबुक्की आटोपली की मगच ते लावायचं. तेरड्याचंही तसंच. त्याची पिकलेली बोंडं तर नुसता हात लागला तरी फुटतात.

कांगलं म्हणजे मालकांगणीचे घोस. भाद्रपदात ते हिरवे, पिवळसर असतात. मोठ्या झाडांवर चढलेली ही दणकट वेल, तिची जाडी यायला वर्षं लागतात. फळ पिकून उकललं की आत तांबडा गर दिसतो आणि पाखरं ते बी दूरवर नेतात. कुड्याच्या जोडशेंगा, करमळाची फळं, घागऱ्यांच्या फुगीर शेंगा, वाळल्यावर खुळखुळतात त्या. आणि कवंडळ! लिंबाएवढं लालभडक फळ, त्यावर पिवळट रेषा. माटवीत ते नसलं तर जुन्या बायकांना माटवी सुनी वाटते. कवंडळ हे पडवळाच्या अगदी जवळच्या नात्यातलं, दोघांची प्रजाती एकच. पण पडवळाची भाजी होते आणि कवंडळ विषारी. कळलावीची ज्वाळेसारखी फुलंही काही घरांत बांधतात. तिच्या सर्वांगात, आणि कंदात विशेष, कोल्चिसीन नावाचं जहाल द्रव्य असतं. तेच मोजक्या मात्रेत गाउट या सांध्यांच्या दुखण्यावर औषध म्हणून देतात, आणि त्यासाठी तामिळनाडूत कळलावीची शेती होते. घरात रांगतं मूल असेल तर कळलावी लावूच नये, आणि खाली पडलेलं कवंडळ लगेच उचलावं, असं मी आवर्जून सांगेन.

आता एक गोष्ट, जी नवख्यांच्या लक्षात येत नाही. तोरण समोरून बघायचं असतं, माटवी खालून. बांधणारा शिडीवर उभा असतो, त्याला ती वरून दिसते आणि छान भरलेली वाटते. खाली येऊन पाटावर बसून वर पाहिलं की मोकळे चौकोन दिसतात. म्हणून एकानं बांधावं आणि एकानं खाली बसून सांगावं. काकी पाटावर का बसायची ते मला मोठेपणी कळलं. कडेच्या जिनसा लांब सोडाव्यात, मूर्तीच्या बरोबर वरच्या आखूड ठेवाव्यात, म्हणजे मुकुटाला काही टेकत नाही आणि समईच्या ज्योतीवर वाळकी पानं येत नाहीत. समईवरचा भाग मोकळाच सोडलेला बरा. चौथ्या-पाचव्या दिवशी आंब्याची पानं कुरकुरीत होतात, तेव्हा हे आठवतं.

सामान आणलं की ओल्या गोणपाटावर सावलीत पसरून ठेवावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवलेलं शेरवाड संध्याकाळपर्यंत काळं पडतं.

म्हापशाला, फोंड्याला, सावंतवाडीला, कुडाळला चतुर्थीच्या आधी माटवीच्या सामानाचा बाजार भरतो. तो बघण्यासारखा असतो. गोव्यात वेळीप, गावडा, कुणबी समाजातल्या बायका डोंगरातून टोपल्या भरून हे सामान आणतात. ज्यांना रान उरलेलं नाही त्या शहरातल्या घरांची माटवी या बायकांमुळंच बांधली जाते. त्यांच्याकडून घेताना घासाघीस करू नये. पहाटे पावसात भिजत, जळवा आणि काटे सोसत त्यांनी ते काढलेलं असतं, आणि त्या एका टोपलीत पन्नास वनस्पतींची ओळख असते. गोव्याचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं. तिथं लोक शेकड्यांनी जिनसा बांधतात आणि प्रत्येकीचं नाव लिहितात. नावं लिहिली जातात हे फार चांगलं. पण संख्येच्या ओढीनं एखादं दुर्मिळ झाड ओरबाडलं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पाच जिनसांची माटवीही माटवीच असते.

काळजी वाटते ती दोन बाजूंनी. एकीकडे प्लॅस्टिकची फळं आणि पानांच्या माळा आल्या आहेत. त्या धुऊन पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतात, म्हणून सोयीच्या वाटतात. पण त्या लावल्या की रानात जायचं कारणच संपतं, आणि एक पिढी गेली नाही की कांगलं कुठं आहे हे विचारायलाही कुणी उरत नाही. दुसरीकडे बाजाराची मागणी वाढली म्हणून वेली तळातून तोडल्या जातात. घोस काढायला आकडी लावून फांदी वाकवायची असते. घाईत माणसं अख्खी वेल कोयतीनं कापतात, आणि मग पुढची कित्येक वर्षं त्या झाडावर कांगलं दिसत नाही. कळलावी ओढली की पुष्कळदा कंदासकट हातात येते. काकीचा याबाबतीत एकच नियम होता, "मुळाक हात लावूचो नाय." आणि एका वेलीवरचे सगळे घोस ती कधी काढू देत नसे.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनी काय करावं, असं मला बरेच जण विचारतात. तुमच्या भोवती जे उगवतं तेच बांधा. बांबूच्या दोन-चार कामट्यांची लहानशी चौकट करा. आंब्याचे डहाळे मिळतातच. गच्चीवरचं गोकर्ण, सोसायटीच्या कुंपणावरची जास्वंद, टेकडीवरचा तेरडा, मंडईतलं पडवळ आणि काकडी एवढ्यातही ती भरते. कोकणातून येणाऱ्या नातेवाइकाला एक नारळ आणि सुपारीचं शिपटं आणायला सांगा. उगाच गावचीच हुबेहूब नक्कल करायला धडपडू नका. पुण्याच्या माटवीत पुण्याचा भाद्रपद दिसला पाहिजे.

विसर्जनानंतर माटवी उतरवतात. फळं, नारळ, भाज्या शेजारीपाजारी वाटाव्यात. चांगलं पिकलेलं तवसं बियांसाठी ठेवावं. बाकीचा पाला नदीत न टाकता माडाच्या आळ्यात घालावा, त्याचं खत होतं. रानातलं विषारी जे आहे ते गुरांच्या तोंडी लागणार नाही असं पुरावं. चौकट स्वच्छ पुसून, उन्हात वाळवून पुन्हा माळ्यावर ठेवावी. आळसानं ती तशीच ओली ठेवली तर पुढच्या वर्षी वाळवीच मिळते.

श्रोतेहो, यंदा हरतालिकेच्या दिवशी तुमच्या घरातलं किंवा वाडीतलं जे जाणतं माणूस सामान आणायला जाईल, त्याच्याबरोबर घरातलं एक तरी मूल पाठवा, आणि जमलं तर तुम्हीही जा. जे जे तोडाल त्याचं तुमच्या गावातलं नाव विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. पुढच्या वर्षी त्या वहीत आणखी दोन नावं घालायची आहेत, हे त्या मुलाला आत्ताच सांगून ठेवा.