पान तोडायचं नाही, मग ओळखायचं कसं?

मागच्या महिन्यात आमची सात-आठ जणांची टोळी ओहोटीची वेळ बघून पनवेलच्या खाडीकाठी झाडं ओळखायला गेली होती. त्याची गोष्ट सांगतो.

तिवर सगळ्यांना येते. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं, पानाची मागची बाजू पांढुरकी, आणि पानावर कधीकधी मिठाचे बारीक कण. मारांडीही सोपी, काटेरी पान आणि निळसर फूल. मग एक झाड असं आलं की ॲपने तीन वेगळी नावं दिली. आमच्यातल्या एकाने लगेच पान तोडलं. पांढरा चीक आला! घाम पुसायला त्याचा हात डोळ्याकडे जाणार, तेवढ्यात ग्रुपमधल्या ताईंनी मनगट धरलं. तो हुरा होता, काही जण गेवा म्हणतात. याचा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होऊ शकतं. इंग्रजीत याचं एक नावच 'डोळे आंधळे करणारी खारफुटी' अशा अर्थाचं आहे. हात आधी बाटलीतल्या पाण्याने धुतला, मग पुढे निघालो.

कर्नाळ्याच्या जंगलात चीक वेगळ्या तऱ्हेने फसवतो. पांढरा कुडा आणि काळा कुडा, दोघांची पानं समोरासमोर, दोघांना चीक, दोघांना पांढरी फुलं. नुसत्या पानाचा फोटो दिलात तर ॲप छापा-काटाच करणार. फुलाच्या गळ्यात डोकवा. काळ्या कुड्याला तिथे झालर असते, पांढऱ्याला नसते. शेंगा दोघांच्याही जोडीने लोंबतात, पण काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली दिसतील. आणि हा फरक हौसेपुरता नाही हं. आजी लोक हगवणीवर ज्याची साल द्यायचे तो पांढरा कुडा. नाव चुकलं की औषधही चुकलं.

कर्नाळा अभयारण्य आहे आणि खारफुटीलाही कायद्याचं संरक्षण आहे, म्हणजे तोडातोड दोन्हीकडे बंद. म्हणून आम्ही आता एका झाडाचे चार फोटो काढतो: पानाची मागची बाजू, पानं फांदीला कशी लागलीत ते, खोड, आणि फूल किंवा फळ. ॲपचं उत्तर आम्ही अंदाज म्हणून घेतो, मग भांडतो. भांडणातच जास्त कळतं, खरं सांगू का!

तो मित्र ठणठणीत आहे. पुढच्या ओहोटीला येणार असाल तर जुने बूट घाला. मागच्या वेळी दोघांच्या चपला चिखलातच राहिल्या.